फुगडी बघायची नसते

श्रावण लागला की शहरांतल्या मंगळागौरीच्या ग्रुपना उसंत नसते. हॉल घेतलेला, माईक लावलेला, एका रंगाच्या शिवलेल्या नऊवाऱ्या नेसून बायका येतात, दीड-दोन तास खेळतात आणि पुढच्या कार्यक्रमाला जातात. घरच्या बायका खुर्च्यांवर बसून मोबाइलमध्ये चित्रण करतात. जिची मंगळागौर, ती नवी नवरी फोटोपुरती उठते.

ग्रुपमधल्या बायकांवर माझा राग नाही. निम्मे खेळ आज त्यांच्यामुळेच टिकले आहेत, आणि घामाचे पैसे त्यांनी जरूर घ्यावेत. राग आहे तो खुर्च्यांवर.

फुगडी ही बघायची गोष्टच नव्हे. हातांची अढी घालायची, पावलांना पावलं भिडवायची, अंग मागे झोकून द्यायचं. समोरचीने हात सोडला तर दोघी पडणार. तिच्या वजनावर आपण उभ्या आणि आपल्या वजनावर ती. हे कळायला हात हातात घ्यावा लागतो. मंगळागौरीला, म्हणजे लग्नानंतरची पहिली पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी, रात्र जागवायची, ती पूजेइतकीच या खेळांसाठी. झिम्मा, पिंगा, कोंबडा, बसफुगडी. एरवी मान खाली घालून वावरणारी सून त्या रात्री गाण्यातून सासू-नणंदेला चार शब्द सुनावायची आणि समोर बसलेली सासू ते हसून ऐकायची. वर्षभर दुसऱ्यांसाठी राबलेलं अंग एक रात्र तिचं स्वतःचं असायचं.

२०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात म्हणून केवढा गदारोळ झाला! पडद्यावरच्या पिंग्यासाठी इतकं तावातावाने भांडणाऱ्या घरांपैकी किती घरांत तो घातला जातो?

म्हणून जुनं सगळं जसंच्या तसं परत आणा, असं मात्र मी म्हणणार नाही. मंगळागौरीत मान सवाष्णीचा. नवरा गेलेली काकी, लग्न न झालेली आत्या स्वयंपाकघरात पुरणाचं बघणार. ही रीत क्रूर होती आणि अनेक घरांत आजही आहे. याउलट आषाढी वारीत बघा. वाटेवर टाळ-मृदंग थांबत नाहीत, पावल्या चालू असतात, आणि दोन अनोळखी बायका हात धरून फुगडी घालतात. पुरुषही घालतात. तिथे कुंकू आहे का, नवरा आहे का, हे कोणी विचारत नाही. नाचण्याचा हक्क नवऱ्याच्या असण्यावर ठरवायचा नसतो, हे वारीला कळलं, आपल्या दिवाणखान्याला अजून कळायचं आहे.

यंदा ग्रुप बोलवायचा तर बोलवा, पण गाणी शिकवायला. खेळा तुम्ही. गुडघे कुरकुरत असतील तर झिम्म्याच्या टाळ्या तरी द्या. आणि स्वयंपाकघरातल्या त्या काकीला बाहेर बोलावून पहिली फुगडी तिच्याबरोबर घाला.