राजभाषाकाका

परदेशातल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक खजिनदार असतो, एक निवेदिका असते आणि एक राजभाषाकाका असतात. पहिले दोघे निवडणुकीत बदलतात. काका तहहयात.

आमचे काका मूळ दादरचे. गेली कित्येक वर्षं मुक्काम शिकागोजवळ, कुक काउंटीतल्या एका उपनगरात. ‘ज्या गावचं मीठ खावं, त्या गावची भाषा बोलावी’ हे त्यांचं ब्रीद. दादरला गेले की मोबाइलच्या दुकानातल्या पोऱ्याला ‘मराठीत बोला’ म्हणून घाम फोडतात, आणि विमान ओहेअरला टेकलं की इंग्रजीचे कैवारी होतात. यात विसंगती आहे असं कुणी सुचवलं तर ते दुखावत नाहीत, कीव करतात. ‘‘अरे, तत्त्व एकच आहे. गाव बदललं.’’

फोन लावल्यावर इंग्रजीपाठोपाठ स्पॅनिशसाठी दोन दाबा असं ऐकू आलं की पाल अंगावर पडल्यासारखा ते हात झटकतात आणि फोन काकूंकडे देतात. काकू शांतपणे एक दाबतात. मात्र हिरवळ कापायला येणाऱ्या मेक्सिकन माळ्याशी काका ‘ब्वेनोस दियास, आमीगो’पासून पैशांच्या घासाघिशीपर्यंत सगळं स्पॅनिशमध्ये उरकतात. ‘‘ते खाजगी. मी सरकारी कारभाराबद्दल बोलतोय.’’

सरकारी कारभाराबद्दल बोलायचं तर काकांच्या खिशात एक घडी घातलेला कागद कायम असतो. टेनेसीतल्या नॅशव्हिल शहराने जानेवारी २००९ मध्ये मतदानाला टाकलेल्या सनददुरुस्तीचा तो मसुदा. शहराची अधिकृत भाषा इंग्रजी. सभा इंग्रजीत, छापील मजकूर इंग्रजीत, दुसऱ्या भाषेत सेवा मिळण्याचा हक्क कुणालाही नाही. फक्त आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी कौन्सिलला अपवाद करता येईल. सुमारे ५७ टक्के मतदारांनी ही दुरुस्ती फेटाळली. काकांच्या मते ५७ टक्के लोक चुकले, मसुदा चोख होता. आमच्याच भागातल्या कार्पेंटर्सव्हिलने २००७ मध्ये इंग्रजीचा ठराव केला, तेव्हा काकांनी मंडळात पेढे वाटले होते.

मी एकदा त्यांना सांगितलं, की इलिनॉय राज्याने १९२३ मध्ये कायदा करून आपली अधिकृत भाषा ‘अमेरिकन’ ठरवली होती, आणि इंग्रजी व्हायला १९६९ उजाडलं.

‘‘मग मधल्या काळात कारभार कुठल्या भाषेत चालला?’’

‘‘इंग्रजीतच की.’’

‘‘बघ! कायदा होता म्हणून टिकली.’’

असा माणूस गप्प कसा बसेल? आमच्या नगरपालिकेच्या सभेत नागरिकांना तीन मिनिटं बोलायला मिळतात. काका टाय लावून गेले. दादरी वळणाच्या खणखणीत इंग्रजीत त्यांनी मागणी केली की गावाने नॅशव्हिलचा मसुदा स्वीकारावा. अध्यक्षबाईंनी दोनदा ‘पुन्हा सांगाल का’ असं विचारलं, काकांनी दोनदा आवाज चढवून सांगितलं. पुढच्या महिन्यात इतिवृत्त आलं. त्यात नोंद होती : एका रहिवाशाने गावाची पत्रकं अधिक भाषांत उपलब्ध करावीत अशी विनंती केली, अध्यक्षांनी आभार मानले.

काका आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. कुठल्याच भाषेत.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती हिंदीमुळे. अमेरिकेच्या मतदान हक्क कायद्यात १९७५ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक तरतूद आली. इंग्रजी नीट न येणारे, मतदानाच्या वयाचे नागरिक एखाद्या काउंटीत एका भाषागटाचे दहा हजारांवर किंवा पाच टक्क्यांवर असतील, आणि त्या गटात निरक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त असेल, तर मतदानाचं साहित्य त्यांच्या भाषेत द्यावं लागतं. अशा काउंट्यांच्या २०११ च्या यादीत कुक काउंटीत भारतीयांचा गट बसला आणि मतपत्रिकेवर हिंदी आली.

इंग्रजीखेरीज एकही अक्षर नको म्हणणारे काका मतदान केंद्रातून बाहेर आले ते लालबुंद होऊन. ‘‘हिंदी? आणि आपण काय मेलो?’’

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या कारभारासाठी मराठीचा कायदा २०२२ मध्ये झाला, तेव्हा काकांनी शिकागोत बसून पाठिंब्याचं पत्र लिहिलं होतं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू चालेल, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, त्यावर त्यांचा सवाल होता, ‘‘खाली तरी कशाला?’’ इथल्या मतपत्रिकेबद्दल मात्र त्यांचं म्हणणं पडलं, ‘‘इंग्रजीच्या खाली बारीक टायपात मराठी असती, तर मी अवाक्षर काढलं नसतं.’’

मग मतपत्रिकेवर मराठी यावी म्हणून काकांनी मोहीम उघडली. ही यादी ज्यावरून ठरते, त्या जनगणना खात्याच्या पाहणीत विचारतात की तुम्हाला इंग्रजी बोलता येतं ते किती : उत्तम, चांगलं, बेताचं की मुळीच नाही. ‘उत्तम’ सोडून काहीही निवडलं, की माणूस इंग्रजी कमी येणाऱ्यांत धरला जातो. कोजागिरीला मसाला दुधाचे पेले फिरत असताना काका एकेकाला कोपऱ्यात घेऊन पटवू लागले, ‘‘नुसतं ‘चांगलं’ लिहा. खोटं काय आहे त्यात? भाषेसाठी एवढं करा.’’

इथे मात्र मंडळ जे एकवटलं ते आधी कधी एकवटलं नव्हतं. हृदयरोगतज्ज्ञ भडकले. सॉफ्टवेअरवाल्यांनी पाठ फिरवली. नातवाचं शाळेतलं नाटक कळत नाही म्हणून मागच्या रांगेत डुलक्या काढणारे एक आजोबाही ताठ बसून म्हणाले, ‘‘माझं विल्सन कॉलेज आहे.’’ मराठीसाठी आपलं इंग्रजी जरा कमी आहे असं कागदावर लिहून द्यायला एकही माणूस तयार झाला नाही. काकांनी स्वतः काय लिहिलं होतं, असं काकूंना विचारलं. ‘‘उत्तम,’’ काकू म्हणाल्या, ‘‘आणि शेजारी स्वतःच्या पेनाने अधोरेखित.’’

दरम्यान काकांच्या नव्वदीतल्या आई त्यांच्याकडे राहायला आल्या. इस्पितळात नर्सने फोन जोडून दिला आणि पलीकडून एक बाई स्वच्छ मराठीत विचारू लागल्या, ‘‘आजी, दुखतंय कुठे?’’ आजींनी पोटापासून सुनेपर्यंत सगळी दुखणी सांगितली. काकांनी ही हकीकत मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर अभिमानाने टाकली. मी विचारलं, हे त्यांच्या मसुद्यात बसतं का. उत्तर तत्काळ आलं : ‘‘आरोग्य! अपवादाचं कलम वाच.’’

१ मार्च २०२५ ला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी अमेरिकेची अधिकृत भाषा झाली. काकांचा मला फोन आला. वाटलं, पेढ्यांचं आमंत्रण. आवाज मात्र पडलेला. या आदेशाने २००० सालचा दुसरा एक आदेश रद्द झाला होता, इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा मिळाव्यात म्हणून काढलेला, हे त्यांनी वाचलं होतं.

‘‘अरे, यात अपवादाचं कलम दिसत नाही. आईची मंगळवारी तपासणी आहे. त्या फोनवरच्या बाई येणार ना?’’

मी म्हटलं, ‘‘काका, सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळांना दुभाषा द्यायला लावणारा १९६४ चा कायदा अजून जागेवर आहे. शिवाय चालू सेवा बंद करा असं या आदेशात कुठेही म्हटलेलं नाही.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

‘‘मग आदेश उत्तम आहे,’’ काका म्हणाले. ‘‘ग्रुपवर टाक. मराठीत टाक, नाहीतर कुणी वाचणार नाही.’’