आप्पा आणि अडीच इंच

कात्रजच्या प्रत्येक सोसायटीत एक आप्पा असतो. तो असल्याशिवाय बिल्डरला ताबा देता येत नाही, असं माझं जुनं मत आहे. चेअरमन बदलतात, सेक्रेटरी राजीनामा देतात, वॉचमन गावाला गेला की परत येत नाही. आप्पा मात्र सकाळी साडेसातला, कात्रज दुधाची पिशवी मांडीवर घेऊन, गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोक्यापासून पायापर्यंत ऑडिट करत असतात. निवृत्तीपूर्वी आमचे आप्पा बँकेत होते. खोटी सही लांबून ओळखायचे म्हणे. आता खोटे पुरुष ओळखतात.

पुरुषानं अंगावर काय घालावं याचं आप्पांचं शास्त्र पक्कं आहे. गुलाबी शर्ट चालतो, पण पोरगा आयटीत असेल तरच. केस खांद्यापर्यंत आले असतील तर आधी चौकशी: गाण्या-वाजवण्यातला असेल तर ठीक, नाहीतर "काय रे, कटिंगला पैसे देऊ का?" कानाच्या खालच्या पाळीत बाळी दिसली की विषय संपला. "मुलींचं सगळं तुम्हीच घातलंत, आता त्यांनी काय घालायचं?" पण तेच भोक कानाच्या वरच्या अंगाला पाडून त्यात मोत्यांची भिकबाळी अडकवली, की आप्पा खुर्चीतून उठून पाठ थोपटतात. 'बाजीराव मस्तानी' 2015 च्या डिसेंबरात आला आणि पुढच्या गणपतीत ढोल-ताशा पथकातल्या निम्म्या पोरांचे कान टोचलेले दिसायला लागले. आप्पा खूश. "याला म्हणतात संस्कार!" कान तोच, भोक तेच, संस्कार दीड इंच वर सुरू होतात.

पेशवाई हा आप्पांचा घरचा विषय. कात्रजच्या तलावाचं पाणी नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं, हे ते अशा सुरात सांगतात की नळाचं टेंडर त्यांनीच पास केलं असावं. त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला जी मंडळी पाणी पीत होती त्यांच्या गळ्यात मोत्यांचे कंठे, कानात चौकडा, मनगटात कडी, अंगात पायघोळ अंगरखा आणि वर अत्तर. आप्पा त्या वेळी वाड्याच्या दिल्ली दरवाज्यात खुर्ची टाकून बसले असते तर अर्धा दरबार बाहेर ताटकळला असता.

सोन्याचं खातं पुन्हा वेगळं. खडकवासल्याचे आमदार रमेश वांजळे अंगावर किलोनं सोनं घालायचे आणि लोक कौतुकानं त्यांना गोल्डमॅन म्हणायचे. भोसरीच्या दत्ता फुगे यांनी तर सोन्याचा शर्टच करून घेतला, तीन किलोंच्या वरचा. आप्पांना दोघांविषयी मनापासून आदर. "वाघ होते, वाघ!" म्हणजे दागिन्यानं पुरुष बायकी होतो हा नियम तोळ्यांना लागू आहे, किलोला नाही.

तर अशा या पक्क्या शास्त्रात बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचं पोरगं येऊन पडलं.

चार विद्यार्थी मिळून भाड्यानं राहतात, त्यातलं एक. डिझाइन शिकतं. स्वभावानं गरीब, लिफ्टमध्ये आधी दुसऱ्याला जाऊ देणारं. एका मंगळवारी ते खाली उतरलं. काळी पँट, पांढरा कुर्ता. आप्पांची नजर केसांवरून निघाली, कॉलर पास, कुर्ता पास, घड्याळ पास, पँट पास, आणि घोट्यापाशी येऊन हिशेब अडकला. काळे बूट, आणि त्यांना चौकोनी, जाडजूड, अडीच इंचांची टाच.

"हे काय?"

"बूट आहेत, आप्पा."

"ते दिसतंय मला. त्याच्या खाली काय आहे?"

"टाच."

"टाच मलाही आहे. एवढी नाही." मग जरा थांबून, "बाहेरचा का रे तू?"

"लातूरचा."

आप्पांचा पहिला सिद्धांत इथेच आडवा झाला. ही थेरं बाहेरून येतात, दिल्ली-मुंबईकडून, असं ते धरून चालले होते. तरी नेट लावून त्यांनी विचारलं, "लातूरला घालतात असलं?"

"नाही, तिकडे कधी धीर झाला नाही. इथे आल्यावर घालायला लागलो. पुण्यात."

दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा विषय मागे पडला. कुणीतरी मार्क ब्रायनचे फोटो टाकले. जर्मनीत राहणारा हा अमेरिकन अभियंता, बायको-मुलं असलेला, टाय लावून, खाली स्कर्ट आणि उंच टाचा घालून रोज कामाला जातो. आप्पांनी फोटो दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला आणि लिहिलं, "तिकडे ठीक आहे. तिकडे फुटपाथ आहेत."

या एका मुद्द्यावर मी आप्पांच्या बाजूचा आहे. कात्रज चौकातून उंच टाचा घालून चालत जायचं म्हणजे उचकटलेले पेव्हर ब्लॉक, उड्डाणपुलाच्या कामाची खडी, गटाराच्या झाकणाची फट आणि पदपथावरून येणारी स्कूटर, या सगळ्यांतून तोल सांभाळायचा. मर्दानगी म्हणतात ती बघायचीच असेल तर तिथे बघावी. बायका हे पूर्वीपासून करत आल्या आहेत, पण त्यांचं कुणी त्या शब्दात कौतुक केल्याचं ऐकलं नाही.

पोरगं मात्र वाचणारं निघालं. एका संध्याकाळी त्यानं आप्पांना शांतपणे सांगितलं, की टाच मुळात पुरुषांचीच. इराणी घोडेस्वार घालायचे, रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून. तिथून ती सतराव्या शतकाच्या सुमारास युरोपात गेली आणि तिथल्या सरदारांनी डोक्यावर घेतली. फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचांचे बूट घालायचा आणि दरबारी मंडळींखेरीज इतरांना तशी लाल टाच घालायची मुभा नव्हती.

आप्पा म्हणाले, "अरे, ते घोड्यावर बसायचे. तू पीएमटीला लटकतोस."

पण बाण लागला होता. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "हा लुई कधीचा म्हणालास?" 1643 ला गादीवर आला, असं कळल्यावर त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "म्हणजे शिवकालीन!" दुसऱ्या दिवशी सकाळी टाचेविषयीचा त्यांचा आवाज अर्ध्या पट्टीनं उतरला होता. जुनं आहे म्हटल्यावर आप्पांना काहीही चालतं, मग ते फ्रान्सचं का असेना.

इतरांचं तसं नव्हतं. टाच उंच झाली की लोकांना तडक लग्नाची काळजी लागते. तळमजल्यावरच्या काकूंनी आवाज खाली आणून त्याला विचारलं, "बाळा, तू... म्हणजे तसा नाहीस ना?" पोरगं म्हणालं, "काकू, बूट पायात आहेत." काकूंना उत्तर कळलं नाही, पण मुलगा उलट बोलला नाही एवढं समाधान मिळालं. पायातल्या वस्तूवरून माणसाच्या मनातलं ओळखायची ही विद्या आपल्याकडे घरोघरी आहे. आणि कपड्यांच्या धाकाचं म्हणाल तर समलिंगींची अभिमान पदयात्रा पुण्यात 2011 साली पहिल्यांदा निघाली, तीसुद्धा आयोजकांनी 'सभ्य कपड्यांत या' असं बजावून. त्यावरून त्यांच्यात पुढे मतभेदही झाले. पुण्यात बंडाला निघतानाही इस्त्री लागते.

ग्रुपवर हे सगळं चालू असताना गेटवर पोतराज आला. मोकळे सोडलेले केस, कपाळभर हळदी-कुंकू, उघडं अंग, कमरेला रंगीत चिंध्यांचा घोळदार घागरा, पायात घुंगरू, हातात आसूड. सोबत बाई, तिच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा. ढोलकं गुबगुबलं, घुंगरू वाजले, आसूड कडाडला. आप्पा खुर्चीतून उठले, चपला काढल्या, दहाची नोट देवीपुढे ठेवून हात जोडले. तेवढ्यात मागून टक टक करत पोरगं बाहेर पडलं. आप्पांनी डोळे मिटलेलेच ठेवून मान हलवली, ती देवीसाठी होती की टाचेसाठी, हे मला तरी सांगता येणार नाही. पोतराजानं मात्र जाता जाता त्याच्या बुटांकडे निरखून पाहिलं. धंद्यातल्या माणसानं पाहावं तसं.

आप्पांना नाटकाचाही नाद. बालगंधर्व हे त्यांचं दैवत. बाई म्हणून ते रंगमंचावर आले की पुण्या-मुंबईच्या बायका त्यांची साडी, त्यांचा अंबाडा, त्यांचे दागिने बघून घरी जाऊन तसंच नटायच्या, हे सांगताना आप्पांचा गळा दाटतो. फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके 1917 साली रामही झाले होते आणि सीताही, ही माहिती ते दरवर्षी गणेशोत्सवात नव्यानं देतात. हे सगळं पडद्याच्या आत. पडदा पडल्यावर माणसानं मुकाट्यानं पँट घालून घरी जावं. तमाशापटांतला नाच्या म्हटलं की आप्पांना गणपत पाटील आठवतात आणि ते खळखळून हसतात. त्या माणसानं जन्मभर लोकांना हसवलं आणि लोकांनी पडद्यावरचा नाच्या त्याच्या घरापर्यंत नेऊन सोडला. ते दुखणं त्यांच्या घरानं सोसलं. एकदा मी हे आप्पांना बोलून दाखवलं. ते गप्प झाले आणि मग टँकरकडे वळले.

महिनाअखेरीस सूचनाफलकावर आप्पांच्या वळणदार अक्षरात कागद लागला: "जिन्यातून जाता-येता पादत्राणांचा आवाज करू नये. विशेषतः पुरुषांनी." संध्याकाळी खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, "स्त्रियांनी केलेला ऐकू येत नाही का?" अक्षर मुख्याध्यापिकेचं होतं. ए विंगमध्ये एक निवृत्त बाई आहेत, त्यांना कुणी विचारायला गेलं नाही. पुढे सोसायटीच्या सभेत त्या स्वतःच म्हणाल्या, "माझ्या टाचा गुडघ्यानं सोडवल्या. त्याच्याही सोडवतील. तोवर घालू दे की." सभेत पुढे दीड तास पार्किंगवर भांडण झालं आणि टाचेचा ठराव वेळेअभावी राहिला.

आता आप्पांच्या घरातली गोष्ट. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, ती आमच्या हिला सांगितली, आणि हिनं मला, कुणाला सांगू नका असं बजावून. आल्बममध्ये आप्पांचा 1976 सालचा फोटो आहे. कानावर केस, खांद्यापर्यंत पोचलेली कॉलर, आणि जमीन झाडणारी बेलबॉटम. बेलबॉटमच्या खाली काय आहे ते फोटोत दिसत नाही, पण काकूंना पाठ आहे: तीन इंची टाचांचे बूट, रंग चॉकलेटी. ते बघून आप्पांच्या वडिलांनी त्यांना अंगणात उभं करून 'बायक्या' म्हटलं होतं आणि आप्पा रागानं दोन दिवस जेवले नव्हते. पुढे बेलबॉटम गेली, टाच गेली. उंची मात्र परत जागेवर आली, आणि ती मुळात बेताचीच.

मुलाच्या लग्नात हे दुखणं वर आलं. व्याही सहा फूट. आप्पांनी लक्ष्मी रस्त्यावरून जरीची मोजडी आणली आणि तिच्या आत, बाहेरून कुणाला कळणार नाही असे, दोन इंचांचे सोल बसवून घेतले. फेट्याचा तुरा धरून व्याह्यांच्या कानापर्यंत पोचले. सगळ्या वऱ्हाडाला त्यांनी कात्रजचा घाट दाखवला. कळलं ते फक्त काकूंना, कारण रात्री पोटऱ्यांना तेल त्यांनीच चोळलं.

परवा बस स्टँडजवळ चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मी पट्टा शिवायला थांबलो होतो. आधी ते पोरगं उभं होतं. त्याच्या मापाच्या टाचा दुकानात मिळत नाहीत. सगळीकडे "वहिनींचा नंबर सांगा" म्हणतात, म्हणून आहे तो जोड जपून वापरतो. काकांनी बूट उलटा केला, टाचेवरून अंगठा फिरवला. "रबर घासलंय डावीकडनं. तू पाय तिरका टाकतोस. तीस होतील." त्यांनी बुटाकडेच पाहिलं, त्याच्या मालकाकडे नाही. इतकी साधी वागणूक त्या बुटांना कात्रजमध्ये कुठे मिळाली नसावी.

एवढ्यात आप्पा आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोजडी. पुतण्याचं लग्न आलंय. मला पाहून थबकले, पोराला पाहून परत फिरायच्या बेतात होते, पण काकांनी पुडकं हातातून घेतलंसुद्धा.

"आतली टाच बसलीय ही. वाढवायची का अजून?" काका ठणठणीत आवाजात म्हणाले.

"हळू बोला हो."

पोरानं वाकून मोजडीत डोकावलं. हसलं नाही. "आप्पा, दोनच्या वर नका जाऊ. पोटरी धरते. आणि पुढच्या बाजूला थोडी गादी लावून घ्या, म्हणजे सगळा भार बोटांवर येत नाही."

"तू तुझं बघ," आप्पा म्हणाले. मग काकांकडे वळून, "गादीचं काय म्हणतोय तो, ते करून टाका."

काकांनी दोन्ही जोड शेजारी ठेवले आणि म्हणाले, "दोघांचे मिळून साठ."

"दोघांचे मिळून कशाला?" म्हणत आप्पांनी आपले तीस सुटे मोजून दिले.