मुक्काम वाढवण्याची शास्त्रोक्त पद्धत

सदर मार्गदर्शिका अमेरिकेत बी-२, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या आणि परतीचे तिकीट काढून ठेवलेल्या ज्येष्ठ दांपत्यांसाठी आहे. सहा महिन्यांपैकी चार संपले आहेत, नायगारा पाहून झाला आहे, बारशाचे फोटो नातेवाइकांना पाठवून झाले आहेत, आणि एका रविवारी चहाच्या वेळी चिरंजीव सहज विचारल्यासारखे विचारतात, "बाबा, अजून थोडे दिवस राहिलात तर?" या प्रश्नानंतर काय करावे, ते पुढे दिले आहे.

सोयीसाठी दांपत्यातील पुरुषास 'आजोबा' व स्त्रीस 'आजी' म्हटले आहे. ज्याच्या घरी मुक्काम आहे तो 'चिरंजीव'. त्या जागी जावई असल्यास हीच कलमे आवाज थोडा खाली घेऊन लागू करावीत.

सर्वप्रथम, मुक्काम वाढवण्याची इच्छा नक्की कोणाची आहे ते ठरवून घ्यावे. आजोबांची नसते. त्यांनी पेपरवाल्याला पेपर कधीपासून टाकायचा ते निघतानाच सांगून ठेवलेले असते. इच्छा घराची असते. अमेरिकेत १९९३च्या कायद्याने बाळंतिणीला बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि तीही कंपनी पुरेशी मोठी असेल तर. बारा आठवड्यांच्या बाळाला डे-केअरमध्ये ठेवून ऑफिस गाठायला सुनेचा जीव होत नाही. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एक पद्धत रुळली आहे: आधी एका बाजूचे आई-वडील सहा महिने, मग दुसऱ्या बाजूचे सहा महिने, आणि मध्ये एक रविवार. त्या रविवारी मिसळणाचा डबा, वॉशिंग मशीनची बटणे आणि बाळाला झोपवण्याची युक्ती यांचा ताबा एक विहीण दुसरीला देते. बाळ वर्षाचे होईपर्यंत एवढी व्यवस्था पुरते.

ही साखळी तुटते ती बहुधा मुंबईत. तुमच्यानंतर यायचे ते व्याही वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या मुलाखतीची तारीख शोधत बसलेले असतात. २०२२च्या अखेरीस तिथली प्रतीक्षा हजार दिवसांच्या घरात गेली होती. एवढ्या अवधीत बाळ स्वतःच्या पायांनी शाळेत गेले असते. दिवस आता तितके वाईट नाहीत, पण व्याह्यांची तारीख फेब्रुवारीची आणि तुमची मुदत ऑक्टोबरची, असे झाले की ही मार्गदर्शिका उघडावी लागते.

आता मुदत म्हणजे कोणती, ते पाहू. पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा चिकटवलेला असतो. त्याचे पेढेही वाटून झालेले असतात. त्या तारखेकडे बघू नये. तो व्हिसा दारापर्यंत येण्यापुरता आहे. आत किती दिवस बसायचे ते दारातला अधिकारी ठरवतो. त्याने दिलेली तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांना २०१३पासून याचा कागद मिळत नाही, ती नोंद संकेतस्थळावर शोधावी लागते. आजोबांची लगेच सापडेल. आजींची सापडणार नाही, कारण पासपोर्टात त्यांच्या नावाला नवऱ्याचे नाव जोडलेले आहे आणि चिरंजीवांनी ते मधल्या नावाच्या रकान्यात टाकले आहे. पासपोर्टात जसे छापले तसे, 'नाव' या एकाच रकान्यात सगळे कोंबून पाहावे. आणि मुदतवाढीच्या अर्जात तारखा भरताना महिना आधी, दिवस नंतर. पाच मार्च ही तारीख आपल्या सवयीने लिहिली की ती तीन मे होते, आणि मग स्वतःच्या जन्मतारखेबद्दल सरकारशी पत्रव्यवहार सुरू होतो.

अर्जाचे नाव आय-५३९. मुदत संपण्याआधी किमान ४५ दिवस तो दाखल करावा, अशी सरकारची शिफारस आहे. १ एप्रिल २०२४पासून कागदी अर्जाला ४७० डॉलर आणि ऑनलाइन अर्जाला ४२० डॉलर शुल्क ठरले. आजोबा लगेच रुपयांत गुणाकार करतील. करू द्यावा. गुणाकार संपल्यावर ते "यापेक्षा आम्ही जातो" असा प्रस्ताव मांडतील, तो आजी बाळाच्या अंगाला तेल लावता लावता फेटाळतील, आणि काम पुढे सरकेल.

मुख्य अर्जदार म्हणून आजोबांचे नाव घालतात. आजींसाठी आय-५३९ए नावाचे जोडपत्र आहे. वास्तविक आजोबा उद्या सकाळी परत गेले तरी त्या घराचे फारसे काही अडणार नाही. सकाळी बागेत फेरी, दुपारी यूट्यूबवर कीर्तन आणि रात्री थर्मोस्टॅट दोन अंशांनी खाली करणे, हे कोणीही सांभाळून घेईल. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे त्या सहअर्जदार आहेत. पण अर्जाचा क्रम बदलू पाहू नये. आजोबांना त्यातून थोडे समाधान मिळते.

यानंतर येतो कारणाचा रकाना. पाहुण्याच्या व्हिसावर नोकरी करायला मनाई आहे. आजीने नातवाला मांडीवर घेणे ही भेट, हे उघड आहे. तीच आजी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मांडीवर घेऊन बसली, तर अधिकाऱ्याच्या डोक्यात 'दाई' हा शब्द येऊ शकतो. खोटे अजिबात लिहू नये. त्या कागदावर खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, आणि आजोबांना खोटे जमतही नाही. पण खरे लिहितानाही आवरावे. कुटुंबासोबत राहायचे आहे, अमुक ठिकाणे पाहायची आहेत, अमुक तारखेला परत जाणार आहोत, एवढे पुरे. बाळंतविड्याची यादी, सुनेचे दूध कमी येणे आणि डिंकाच्या लाडवांचा त्यावर झालेला परिणाम अधिकाऱ्याला कळवण्याची गरज नाही.

या टप्प्यावर बागेतल्या बाकाचा सल्ला घेण्याची इच्छा होईल. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या कुठल्याही बागेत संध्याकाळी पाच वाजता असा बाक भरतो. त्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर, एक इरिगेशनचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर आणि एक 'माझ्या भाच्याच्या बाबतीत काय झालं' असे म्हणणारे गृहस्थ असतात. अमेरिकन कायदा या तिघांना तोंडपाठ असतो. बाकाचे पहिले मत असे की कॅनडाला जाऊन यावे, परत येताना नवे सहा महिने मिळतात. हे ऐकून आजोबा नायगाराच्या पलीकडच्या काठाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. वास्तविक तीस दिवसांच्या आत कॅनडाहून परतणाऱ्याला सर्वसाधारणपणे जुन्याच मुदतीत आत घेतात, आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो तो निराळाच. दुसरे मत, अर्ज केला की नाव काळ्या यादीत जाते. हे भाच्याच्या गृहस्थांचे, त्यामुळे सोडून द्यावे.

तिसरे मत मात्र हसण्यावारी नेऊ नये. "काही होत नाही हो, राहा तसेच. म्हाताऱ्यांना कोण विचारतंय!" विचारतात. अर्ज न करता मुदत उलटून एक दिवस जरी राहिले, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला आणि मग देश सोडला, तर तीन वर्षे बंदी. वर्षभर किंवा त्याहून जास्त झाला तर दहा. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे त्या बाकावरच्या कोणालाही समजावून सांगावे लागू नये.

आता पुरावे. अर्जाचा सारांश असा असतो: आम्हाला आणखी राहू द्या, कारण आम्हाला जायचेच आहे. पैसे आहेत हे दाखवण्यासाठी बँकेची स्टेटमेंट, मुदतठेवींच्या पावत्या आणि चिरंजीवांच्या पगाराचे कागद लावतात. परतीच्या तिकिटाची नवी तारीख लावतात. इंग्रजीत नसलेला प्रत्येक कागद भाषांतरासह, आणि भाषांतर करणाऱ्याच्या लेखी ग्वाहीसह द्यावा लागतो. त्यामुळे सातबारा जोडायचा आजोबांचा आग्रह असेल, तर ते काम चिरंजीवांकडे सोपवावे आणि दोन दिवस त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे मायदेशाशी असलेल्या संबंधांचे पत्र. इथे आजोबांना प्रथमच या प्रकरणात रस वाटू लागेल. ते चष्मा पुसतील, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा मागतील आणि जेवायच्या हाका येईपर्यंत लिहितील. पुण्याच्या सोसायटीत टाकीच्या वॉटरप्रूफिंगचे काम निघाले असून सेक्रेटरी ते परस्पर मेव्हण्याला देण्याच्या बेतात आहेत. किल्ली शेजारी दिली आहे, पण शेजारी दिवाळीत इंदूरला जाणार. गच्चीतल्या कढीपत्त्याला कोण पाणी घालतो ते नक्की नाही. तळजाईवरचा सकाळचा ग्रुप, त्यातले दोघे गेल्या वर्षभरात गेले, उरलेले वाट बघतात. वाचनालयाचे दिवाळी अंकांचे पैसे भरून ठेवले आहेत. तिथे सकाळी उठल्यावर काय करायचे हा प्रश्न पडत नाही.

चिरंजीव हे चार पानी पत्र वाचतात, आणि त्याच्या जागी एक ओळ टाइप करतात: 'अर्जदारांच्या मालकीची पुणे येथे सदनिका आहे.' व्यवहाराच्या दृष्टीने चिरंजीवांचे बरोबर आहे. तरी मूळ पत्र फेकून देऊ नये, असे माझे मत आहे. परत जायचा इरादा सिद्ध करणारा इतका भक्कम कागद त्या खात्याच्या हाती क्वचितच लागत असेल. आणि चिरंजीवांनी ते एकदा अर्जाची घाई नसताना वाचायला हरकत नाही.

अर्ज गेला की पावती येते. मुदतीच्या आत अर्ज पोचला असेल, तर मुदत संपल्यावरही निकालाची वाट बघत कायदेशीरपणे थांबता येते. निकालाला कित्येक महिने लागतात. या काळात आजोबा पावतीचा क्रमांक संकेतस्थळावर रोज टाकतील आणि 'अर्ज मिळाला आहे' हे रोज वाचतील. त्यांना अडवू नये, पण वाट पाहण्याचे खरे काम घरात वेगळीकडे चाललेले असते. बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्याच आणल्या होत्या. आजी रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर पट्ट्या पसरून मोजतात, एका पट्टीच्या मागे बॉलपेनने तारीख लिहितात आणि ओळखीचे कोण कधी भारतातून येते आहे त्याची चौकशी सुरू होते. हे मुक्काम वाढवायचे ठरले त्याच दिवशी करावे. प्रवासी विम्याची मुदतही त्याच दिवशी वाढवावी, आणि पूर्वीपासून असलेल्या आजारांबद्दल त्यात काय लिहिले आहे ते बारीक अक्षरात असले तरी वाचावे. अमेरिकेतल्या दवाखान्याचे बिल आल्यावर आजोबांचा गुणाकार कोणी फेटाळू शकणार नाही.

मध्येच नोव्हेंबर येतो. पेन्शनर माणसाने नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. तेव्हा आजोबांना एकाच महिन्यात एका सरकारला आपण जिवंत आहोत आणि दुसऱ्या सरकारला आपण जाणार आहोत, असे पटवावे लागते. पहिले काम भारतीय वकिलातीत होते, किंवा चेहरा ओळखणाऱ्या ॲपवर. ॲपसमोर बसताना माकडटोपी काढावी. चिरंजीवांना हे दहा वेळा सांगावे लागते.

अर्जात जी तारीख मागितली आहे ती निकालाआधीच जवळ आली, तर त्या तारखेच्या आत निघावे. निकाल हातात नाही म्हणून मुक्काम आपोआप लांबत नाही. नकार आला तर बॅगा तेव्हाच भराव्यात, चर्चा विमानात करावी. आणि एकूण वर्षाच्या वर सहसा कोणाला राहू देत नाहीत, हे लक्षात ठेवून पुढचे बेत आखावेत.

बहुधा असे होते की व्याह्यांना एकदाचा व्हिसा मिळतो, ताबा देण्याघेण्याचा रविवार पार पडतो, आजी-आजोबा पुण्याला पोचतात, टाकीचे काम मेव्हण्यालाच गेल्याचे त्यांना कळते, आणि त्यानंतर एखाद्या आठवड्यात न्यू जर्सीच्या पत्त्यावर टपाल येते. त्या वेळी त्यांच्या राहण्याला परवानगी मिळाली की नाही, हे त्यात असते. मिळाली असल्यास हसू नये. पावतीची आणि निकालाची प्रत पासपोर्टच्या पिशवीत ठेवून द्यावी. पुढच्या खेपेला विमानतळावरचा अधिकारी पडद्याकडे बघत विचारणार आहे, मागच्या वेळी इतके दिवस कसे राहिलात? त्यावर पिशवीतला कागद काढावा आणि एका वाक्यात उत्तर द्यावे. ते आजींनी द्यावे. आजोबा सेक्रेटरीपासून सुरुवात करतील.