जडवस्तूवाले नाना

सरकारी खुर्चीला निवृत्तीचं वय नसतं. तिच्यावर बसणारा लिपिक 58 व्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो, सभापती तर अडीच वर्षांतच जातात. खुर्ची मात्र एकेक पायरी उतरत राहते. सभापतींच्या दालनात गुबगुबीत, फिरती म्हणून रुजू झालेली खुर्ची खाली बसायला लागली की कक्ष अधिकाऱ्याकडे येते. एक हात निखळला की वरिष्ठ सहायकाकडे, चाक गेलं की आवक-जावकला आणि फिरायचीच बंद झाली की एखाद्या ग्रामपंचायतीत. तिथून पुढे जनावरांचा दवाखाना, नाहीतर अंगणवाडी.

ही सगळी उतरंड तोंडपाठ असलेला एक माणूस प्रत्येक पंचायत समितीत असतो. शिरूर आणि दौंडच्या बाजूला त्याचं नाव काहीही असो, आपण त्याला नाना म्हणू.

नानांकडे जडवस्तू संग्रह नोंदवही असते. कचेरीत तिला सगळे डेडस्टॉक म्हणतात, पण नानांसमोर कुणी म्हणत नाही. 'डेड' हा शब्द त्यांना सोसत नाही. निम्मी नोकरी शिरूरला, निम्मी दौंडला झाल्यामुळे घोडनदीपासून भीमेपर्यंतचं सरकारी लाकूड त्यांना नावानिशी माहीत आहे. माणसांची मात्र नावं विसरतात. "ते मागचे बीडीओ साहेब हो, ज्यांच्या वेळी सागवानी टेबल मधल्या खोलीत होतं ते." नाना कालगणना अशी करतात.

एका बाकावर तर त्यांचा फार जीव. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'पं. स. शिरूर' लिहिलंय. त्याखाली पुसट 'पं. स. दौंड'. त्याच्याही खाली, उन्हात तिरकं धरलं तर, 'जि. लो. बो.' दिसतं, असं नाना शपथेवर सांगतात. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, जिल्हा लोकल बोर्ड गेलं आणि बाक राहिला. आम्हाला ती अक्षरं कधी दिसली नाहीत, पण नानांच्या समोर आम्ही सगळे मान डोलावतो.

कुठल्याही गावाहून ग्रामसेवक आला (2024 पासून त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात तो भाऊसाहेबच आहे) की तो घरपट्टीचं बोलायच्या आधी नानांच्या टेबलाशी घुटमळतो.

"नाना, एखादं कपाट?"

"कुलूप लागणारं पाहिजे का नुसतं कपाट?"

"कुलूप लागलं तर बरं."

"मग थांबा. आरोग्याचं एक निघतंय. तोवर किल्ली घेऊन जा."

आणि तो खरोखर किल्ली घेऊन जातो. कपाट यथावकाश येतं. ग्रामपंचायतीच्या नमुना 16 मध्ये त्याची नोंद पडते, पंचायत समितीच्या वहीत ते 'तात्पुरत्या स्वरूपात' राहतं. तात्पुरतं म्हणजे किती, हे विचारणारा लेखापरीक्षक अजून नानांना भेटायचाय. पाबळकडच्या एका कचेरीचं वर्णन त्यांनी एकदा अभिमानानं केलं होतं, "गाव शिरूर तालुक्यात, आमदार आंबेगावचा, टेबल दौंडचं. चाललंय ना काम?"

मालाची ने-आण ठरलेल्या रस्त्यानं. शिरूरहून न्हावरा, पारगावला भीमेचा पूल, मग चौफुला, पाटस, दौंड. टेम्पोवाला एकच, शिपाई एकच. चौफुल्याला टेम्पोचं चाक हमखास पंक्चर होतं आणि तेही बहुधा दिवस मावळल्यावर. संगीतबारीच्या गावात पंक्चर काढायला अख्खी रात्र का लागते, हे नाना विचारत नाहीत. सकाळी खुर्च्या मोजून घेतात. सहाच्या सहा भरल्या की विषय संपला.

नानांचा खरा शत्रू म्हणजे निर्लेखन. जानेवारी 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांचा शंभर दिवसांचा कार्यक्रम आला आणि सगळ्या कचेऱ्यांना स्वच्छतेची हुक्की आली. जुन्या अभिलेखांची निंदणी करा, भंगार गाड्या काढा, मोडकं फर्निचर निकालात काढा. त्या दिवसांत नानांचा चेहरा लेकीची पाठवणी असलेल्या घरासारखा झाला होता. वास्तविक त्यांचा शिस्तीला विरोध नाही. नदी ओलांडली की नगर. तिथं 1980 च्या दशकात कलेक्टर अनिलकुमार लखीनांनी दप्तर आणि बसायची मांडणी दोन्ही बदलून दाखवली. तो लखीना पॅटर्न नाना आदरानं सांगतात. पण मांडणी बदलणं वेगळं आणि भंगारवाल्याला वजनावर देणं वेगळं.

उघड विरोध ते करत नाहीत, तेवढी नोकरी त्यांची झालेली आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावात खरेदीचं वर्ष आणि मूळ किंमत लिहावी लागते. नाना ते रकाने अत्यंत प्रामाणिकपणे कोरे सोडतात. प्रस्ताव वर जातो, त्रुटी लागून खाली येतो. त्रुटीपूर्ततेसाठी जुनी वही शोधावी लागते. ती ज्या कपाटात आहे, ते कपाट कुठल्यातरी गावाला 'तात्पुरत्या स्वरूपात' गेलेलं असतं. तेवढ्यात शंभर दिवस संपतात.

मोडक्या वस्तूचे उपयोग तरी किती! भूसंपादनाचा मोबदला थकला की कोर्टाचा बेलिफ साहेबांची खुर्ची जप्त करायला येतो, हे महाराष्ट्राला नवं नाही. एका कचेरीत (कुठल्या ते सोडा) बेलिफ आल्याचं कळताच नानांना फोन गेला म्हणतात. नाना पोचेपर्यंत साहेबांच्या जागी एक वेगळीच खुर्ची होती, वर स्वच्छ टर्किश टॉवेल. बेलिफानं पंचनामा केला, खुर्ची उचलली, टॉवेल नानांनी काढून घेतला. निर्लेखनाचं एक प्रकरण विनात्रुटी मिटलं. ही हकिगत खोटी असणार. पण ती सांगताना कुणी हसलं की नाना म्हणतात, "टॉवेल नवीन होता."

त्यांच्या नोकरीचा सुवर्णकाळ मार्च 2022 मध्ये सुरू झाला. पंचायत समित्यांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, गटविकास अधिकारीच प्रशासक झाले. सभागृहातल्या सदस्यांच्या खुर्च्या धूळ खात पडल्या. लोकशाहीचं काय होणार, म्हणून बाकीचे हळहळत होते. नानांना दिसत होत्या त्या चांगल्या, कुशनच्या, हातवाल्या खुर्च्या. एक शाळेत गेली, दोन आरोग्य केंद्रात, एक उपअभियंत्याला पाठदुखी होती म्हणून. तीन वर्षांहून जास्त काळ तालुका कधी नव्हे इतका आरामात बसला. मग निवडणुकीची चाहूल लागली आणि नानांचा बीपी वाढला. सदस्य निवडून येतील हे ठीक, ते बसणार कशावर? शाळेतल्या बाई म्हणाल्या, "नाना, पोरं परवाच्या परीक्षेत त्या खुर्चीला हात जोडून गेली, आता कशी देऊ?" उपअभियंता तर खुर्चीसकट बदलून गेला होता.

निवृत्ती जवळ आली तसा चार्ज द्यायची वेळ आली. नवा सहायक तरुण, स्पर्धा परीक्षेतून आलेला. त्यानं सगळी वही संगणकावर चढवली आणि प्रत्यक्ष पडताळणी काढली. कचेरीत पैजा लागल्या की नानांच्या नावावर किती वसुली निघते. चार दिवस मोजणी चालली. किल्ल्या, पोचपावत्या, फोनवरच्या साक्षी, सगळं जुळलं. तूट शून्य.

एक खुर्ची जास्त भरली.

कचेरीत शांतता पसरली. वस्तू कमी भरली तर काय करायचं ते ठरलेलं आहे, खुलासा, जबाबदारी, वसुली. जास्त भरली तर? कुणाची, कधी आली, कुठल्या निधीतून? नव्या सहायकानं तीनदा मोजलं. त्याच्या संगणकात तिला रकाना नव्हता. साहेब म्हणाले, "नाना, तुमची पेन्शन अडकेल हो."

नानांनी खुर्ची दोन्ही बाजूंनी न्याहाळली. नंबर खरवडलेला. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी टेम्पो न्हावऱ्याच्या दिशेनं गेला. दौंडला एक कमी आहे, हे त्यांच्या लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दौंडहून फोन आला.

"नाना, अहो आमची हरवलेली परवाच सापडली होती. आता आमच्यात एक जास्त झाली. काय करू?"

"इंदापूरला कोण आहे सध्या?" नानांनी विचारलं.