दौडीचा ताळेबंद

तहसील कचेरीत उभी हयात नाजर म्हणून सरकारी रोकड मोजण्यात घालविलेल्या माणसाने निवृत्तीनंतर तरी परक्या पैशाला हात लावू नये, असा माझा निश्चय होता. परंतु 1941 पासून परळला उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयातील कर्करोगग्रस्त बालकांच्या साहाय्यार्थ गोंदियात मॅरेथॉन भरविण्याची तजवीज आमच्या वॉर्डातील उत्साही मंडळींनी केली, आणि खजिनदार म्हणून माझे नाव पावतीपुस्तकावर आधी छापून मग माझी संमती घेण्याचा शिष्टाचार पाळला, तेव्हा त्या निश्चयाची मुदत संपली.

पहिला पेच अंतराचा पडला. लंडनच्या 1908 सालच्या ऑलिम्पिकात प्रथम योजलेले 42.195 किलोमीटर हेच मॅरेथॉनचे माप होय, असे मी नम्रपणे निवेदन केले. त्यावर एका सभासदाने नकाशावर बोट ठेवून दाखविले की, इतके धावायचे तर तिरोडा ओलांडून पार भंडारा जिल्ह्याच्या शिवेला भिडावे लागेल. आणि ज्या जिल्ह्यातून आपण 1 मे 1999 रोजी वेगळे निघालो, त्याच्याच दारात घाम गाळीत परत जाणे स्वाभिमानाला शोभणारे नव्हे. सबब जयस्तंभ चौकातून निघून जयस्तंभ चौकातच परतणारी तीन किलोमीटरांची मॅरेथॉन सर्वानुमते मंजूर झाली.

केळी भातगिरणीवाल्यांनी दिली. मुख्य आश्रयदाते म्हणून मात्र विडी-तंबाखूच्या धंद्यातील एक वजनदार गृहस्थ लाभले, आणि कर्करोगाविषयी एवढ्या जिव्हाळ्याने बोलणारा दुसरा वक्ता मी ऐकलेला नाही. पिढीजात संबंध असल्यावाचून अशी आत्मीयता येत नाही.

मी भीत भीत टेरी फॉक्सचे उदाहरण काढले. हाडाच्या कर्करोगात उजवा पाय गमावलेला हा कॅनडाचा तरुण 1980 साली कृत्रिम पायावर, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन याप्रमाणे, 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला, रोग फुप्फुसांत शिरला तेव्हाच थांबला, आणि आपल्या नावावर कुणाचाही माल खपवू देण्यास त्याने साफ नकार दिला. सभा क्षणभर अंतर्मुख झाली. मग अध्यक्षांनी विचारले, "पण मग सदऱ्याच्या पाठीवर त्यानं छापलं काय?"

दौडीच्या दिवशी प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आल्यामुळे केळी धावण्याआधीच संपली. पाहुण्यांनी हिरवी झेंडी, छायाचित्रकारांच्या सोयीखातर, तीनदा दाखविली. तिसऱ्या खेपेस निम्मे धावपटू दौड पुरी करून त्यांच्यामागे दाटीवाटीने उभे होते.

जमाखर्च मी रात्री जागून लिहिला. मंडप, फलक, ढोल-ताशे, शाली-श्रीफळे, आकाशातून चित्रे टिपणारा ड्रोन आणि टी-शर्ट या बाबी वजा जाता रोख शिल्लक निरंक. शिल्लक माल, सदरे, मोठ्या मापाचे, नग चाळीस. हा माल वस्तुरूप देणगी म्हणून परळला जाणाऱ्या बालरुग्णांस स्थानकावरच वाटावा, असा ठराव झाला, आणि अंमलबजावणी, ठराव मांडणाऱ्यांना त्या दिवशी अन्यत्र सत्कार असल्याने, माझ्याकडे आली.

दुपारची विदर्भ एक्स्प्रेस फलाटावर लागली होती. मुंबईपर्यंतचा सुमारे हजार किलोमीटरांचा पल्ला. शयनयानात रुग्णास भाडे संपूर्ण माफ, सोबत्यास तीन-चतुर्थांश माफ, ही सवलत रेल्वेने एकही सदरा न छापता ठेवलेली आहे. सवलतीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून धरलेला एक शेतकरी खिडकीशी बसला होता आणि तोंडाला पट्टी बांधलेला त्याचा पाच-सहा वर्षांचा मुलगा मांडीवर झोपला होता. मी सदरा दिला. बापाने तो पोराला जागे न होऊ देता हळूच चढविला. घोट्यापर्यंत आला, आणि 'मी धावलो' ही छातीवरची अक्षरे गुडघ्यांवर पसरली.

"दादरले उतराचं का जी, का पार आखरीले?" त्याने विचारले. गाडगे महाराजांची धर्मशाळा दादरला आहे, तेथेच उतरावे, असे मी सांगितले. त्याने मान डोलावली, बंडीच्या खिशात हात घातला आणि संकोचून म्हणाला, "आन् या सदऱ्याचे किती द्याचे जी?"