वाटेवरच तर आहे!

कोल्हापूर ते ठाणे हे अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. सकाळी सहाला निघालं, वाटेत नाश्ता-जेवण केलं, तरी माणूस दुपारी दोन-तीनला घरी पोचतो. अण्णाकाकांबरोबर निघालेल्या माणसाने मात्र वेळ विचारू नये, तारीख विचारावी. तीही मोघम सांगितली जाते.

अण्णाकाका पोस्टातून निवृत्त झाले, पण त्यांचा बटवडा काही थांबला नाही. दर उन्हाळ्यात सगळं घर गाडीत घालून जोतिबा-अंबाबाईच्या दर्शनाला न्यायचं आणि येताना रस्त्यावरच्या झाडून साऱ्या नातेवाइकांकडे हजेरी लावायची, हा त्यांचा शिरस्ता. जाताना ते कुठेही थांबत नाहीत. देवाला निघालेल्या माणसाने मधे कुणाच्या दारात बसू नये म्हणे. त्यामुळे जातानाचा प्रवास एखाद्या सरकारी दौऱ्यासारखा वेळेवर पार पडतो आणि आम्ही दरवर्षी नव्याने फसतो.

महामार्गापासून चाळीस किलोमीटर आत असलेलं घर त्यांच्या मते वाटेवरच असतं. कोल्हापूरहून निघताना गाडी पुणे-बंगळूर रस्त्याला लागायच्या आत ते म्हणतात, "सांगलीवरून घे. किणीचा टोल वाचतो." गाडी चालवणारा त्यांचा मुलगा, आमचा दादा, वाचलेला टोल आणि जळणारं डिझेल यांचा हिशोब मांडू पाहतो. तोवर हातकणंगले मागे पडलेलं असतं. जयसिंगपूर आलं की काकांना नरसोबाची वाडी आठवते. वाडीला दत्तमहाराज आहेत, आणि काकूच्या मामेबहिणीची जाऊही आहे. दत्तमहाराजांना पाच मिनिटं पुरतात.

फोनवरच्या नकाशातली बाई या सगळ्याने हवालदिल होते. मागे वळा, पुढून वळा, मार्ग पुन्हा शोधत आहे, असं तिचं चाललेलं असतं. काका तिला मनावर घेत नाहीत. "हिला काय माहीत? हिचं कोण आहे इथं?" एवढं बोलून ते तिचा आवाज बंद करायला लावतात.

सांगलीहून आष्ट्यामार्गे पेठनाक्याला गाडी पुन्हा महामार्गावर येते, तेव्हा सूर्य कलायला लागलेला असतो. पुढे कराड. मग उंब्रजवरून आत पाटण. मग सातारा. मग पाचवडवरून आत वाई आणि सुरूरला परत बाहेर. आनेवाडीच्या टोलनाक्यावर फास्टॅगचा मेसेज येतो, तेव्हा दादा काही न बोलता तो फोन वडिलांपुढे धरतो. काका चष्मा वर करून वाचतात आणि म्हणतात, "चोवीस तासांत परत आलो असतो तर दीडपटीतच जाणं-येणं झालं असतं. तुम्हीच उशीर करता."

आता मुख्य मुद्दा. काका कुणालाही आधी फोन करत नाहीत. त्यामागे विचार आहे. "फोन केला की ते स्वयंपाक करून ठेवतात. उगाच त्रास." म्हणजे समोरच्याला त्रास नको म्हणून भर दुपारी सहा माणसं त्याच्या दारात अचानक उभी करायची. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी भीती, मग ओळख आणि मग हसू उमटतं. या तीन गोष्टींना लागणारा वेळ नात्याच्या अंतरावर ठरतो. सख्खं असेल तर भीती जास्त टिकते.

कराडच्या एका घरातला प्रसंग डोळ्यांपुढून जात नाही. आम्ही बैठकीत टेकलो, पंख्याचं बटण दाबलं गेलं, स्टीलच्या तांब्यातून पाणी आलं. काकांनी जाहीर केलं, "चहा नको हं, आत्ताच घेतलाय. उभ्या उभ्या भेटून निघायचंय." तेवढ्यात मागच्या दाराची कडी हळूच वाजली. काका खिडकीशी बसलेले. खिडकीतून घरातला धाकटा मुलगा सायकलला पिशवी अडकवून निघालेला दिसला. मूठ घट्ट मिटलेली, म्हणजे आत नोट. काका खिडकीतून ओरडले, "अरे, कशाला उगीच?" पोरगा थबकला. आतून आजीचा आवाज आला, "तू जा रे!" तो निघाला. मग काकांनी पुन्हा खिडकीत तोंड घालून सांगितलं, "आणि जातोच आहेस तर दूध गाईचं बघ. हिला म्हशीचं चालत नाही."

चहा आला, पोहे आले, पोह्यांबरोबर "जेवूनच जा की" आलं. काका "छे छे" म्हणाले आणि पाय सोफ्यावर घेऊन बसले. काकूने माझ्याकडे बघून मान हलवली. काकांनी पाय वर घेतले की दोन तासांची निश्चिती, हे तिने लग्नाच्या पहिल्या वर्षातच ताडलं होतं.

मुलांचे हाल वेगळे. प्रत्येक घरात रांगेने वाकून नमस्कार. मग प्रत्येक घरात तोच प्रश्न, "मला ओळखलंस का?" पोरगं गप्प. मग काका नातं उलगडून सांगतात. "अरे, माझ्या आत्याच्या धाकट्या दिराची सून ती. म्हणजे तुझी कोण?" हे गणित पोरांना दहावीतही सुटलेलं नाही. दादाच्या मुलीने यावर तोडगा काढला. जी दिसेल ती आजी आणि जो दिसेल तो काका. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. एका पस्तिशीतल्या आजीने घेतली होती तेवढीच.

डिकी हा स्वतंत्र विषय आहे. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही आणि रिकाम्या हाताने कुणी सोडत नाही, त्यामुळे डिकीत कायम उलाढाल चालू असते. कोल्हापूरचा गूळ आणि कांदा-लसूण चटणी सांगलीला उतरते, तिथून भडंगाची पुडकी चढतात. भडंग कराडला उतरतं. तिथल्या परसातला कढीपत्ता आणि शेवग्याच्या शेंगा चढतात. साताऱ्याला कंदी पेढे. काकूची एक पिशवी याहून वेगळी. तिच्यात ओटीचे नारळ आणि ब्लाउजपीस. एका घरातून आलेला पीस दुसऱ्या घरात जातो. काकूने एकदा पोपटी रंगाच्या पिसाला कोपऱ्यात लाल दोरा घालून ठेवला. तो पीस वाईच्या ओटीत सोडला आणि दोन उन्हाळ्यांनी सांगलीत तिच्याच ओटीत परत आला. काकूने तो डोळ्यांना लावला आणि पुन्हा प्रवासाला पाठवला. अजून कुणी शिवलेला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, म्हणजे काका कळतील. नात्यातले दोन सख्खे भाऊ, एक कोल्हापूरला, एक साताऱ्याला. वडिलार्जित जमिनीवरून बिनसलं आणि बोलणं बंद. सातबाऱ्यावर दोघांची नावं एकाखाली एक, पण लग्नपत्रिकेवर एकाचंच. काकांनी समेट घडवायचा प्रयत्न केला नाही. पोस्टातल्या माणसाने पाकीट फोडायचं नसतं, असं ते म्हणतात. कोल्हापूरच्या भावाने नेहमीप्रमाणे काकांना गुळाची ढेप दिली. ती त्यांनी साताऱ्याच्या भावापुढे ठेवली आणि सांगितलं, "तुझ्या भावानं पाठवलाय." आम्ही सगळे जमिनीकडे बघत राहिलो. साताऱ्याचा भाऊ काही बोलला नाही. निघताना मात्र त्याने पेढ्यांचा पुडा काकांच्या हातात दिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "त्याला द्या."

इथे पंचाईत झाली. आम्ही ठाण्याकडे निघालेलो आणि कोल्हापूर मागे राहिलेलं. पेढे खंबाटकीच्या बोगद्यात फुटले आणि शिरवळ यायच्या आत संपले. काकांनी शेवटचा पेढा खाल्ला, हात रुमालाला पुसले आणि कोल्हापूरला फोन लावला. "तुझ्या भावानं पेढे पाठवलेत बरं का तुला. पोचले म्हणून कळव त्याला." पलीकडून विचारणा झाली, कुठले पेढे? "अरे, उन्हाळा केवढा आहे. वाटेत खराब झाले. पण पाठवले होते, ते महत्त्वाचं." पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या भावाने ढेपेबरोबर चटणीची बरणीही दिली. ही 'त्याला' म्हणून वेगळ्या पिशवीत. जमिनीचा दावा अजून चालू आहे.

घरच्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर सकाळी फुलं आणि संध्याकाळी दिवे येतात. मग एवढं फिरायचं कशाला, असं दादा एकदा चिडून म्हणाला. काका म्हणाले, "ग्रुपवर सगळे बरेच असतात." त्याच फेरीत पाटणच्या मामी अंगठे वर करून ग्रुपवर हसत होत्या आणि प्रत्यक्षात गुडघ्यामुळे त्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता. काकांनी तिथल्या तिथे सुतार बोलावला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली आणि मग चहाला नाही म्हणाले. अर्थात घेतला.

निरोप हा प्रवासाचा सर्वांत लांब टप्पा. "येतो" म्हणून काका खुर्चीतून उठतात, तेव्हा काही निघालेलं नसतं. एक निरोप बैठकीत, दुसरा उंबऱ्यावर, तिसरा फाटकाशी. खरं बोलणं चौथ्या निरोपाला होतं. गाडी चालू, दादाचा पाय क्लचवर, काका पुढच्या सीटवर, आणि यजमान खिडकीत दोन्ही कोपर टेकून. मुलीचं ठरत नाही, धाकट्याची नोकरी गेली, डॉक्टरांनी दुसरी तपासणी सांगितलीय. आत दोन तास बसून जे निघालं नाही ते खिडकीत पाच मिनिटांत बाहेर पडतं. काका काही बोलत नाहीत, खिशातून छोटी डायरी काढून टिपून घेतात. पुढच्या घरी त्यातल्या एखाद्या टिपणाचा उपयोग होतो. आमच्या घराण्यातली बरीच लग्नं याच डायरीत जुळलेली आहेत.

पुण्याचं नाव काढल्यावर वाचकांना जो विनोद अपेक्षित असतो, तो इथे नाही. कात्रजजवळच्या वहिनींनी रात्री अकराला दार उघडून सगळ्यांना पिठलं-भात वाढला आणि गाद्याही घातल्या. काका त्यामुळे थोडे खट्टू झाले. पुण्याच्या किश्शांचा त्यांचा साठा तिथेच वाया गेला.

एक्सप्रेसवेवर मात्र त्यांचं मन रमत नाही. तो रस्ता 2002 साली पूर्ण झाला तेव्हापासून त्यांची तक्रार एकच. एवढा लांबलचक रस्ता आणि मधे कुणाचं घर नाही. तिथे ते डोळे मिटून घेतात. लोणावळ्याची पाटी आली की एक डोळा उघडून विचारतात, "इथून बाहेर पडता येतं ना रे?" दादा ॲक्सिलरेटर दाबतो.

अण्णाकाकांसारखा माणूस घरात असणं हा तापच आहे, यात आमच्या घरी दुमत नाही. पण आमच्यात कोण आजारी आहे आणि कोण अडलंय, हे कुणाला तरी वेळेवर कळतं, ते या तापामुळेच.

तेव्हा तुमचं घर कोल्हापूर-ठाणे रस्त्यापासून चाळीस किलोमीटरच्या आत असेल आणि तुमच्या आत्याचा कुणी दीर आमच्याकडे निघत असेल, तर मे महिन्यात लिटरभर दूध जास्तीचं आणून ठेवा. गाईचं. फोन येणार नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून.