दोनशे वर्षांची माफी

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखाचा शक आधी ७८२ वाचला गेला, पुढे ९८२ ठरला. चूक दोनशे वर्षांची, पण मंदिर कुणी फेटाळलं नाही. तिथल्याच शेतकऱ्याला मात्र जमिनीच्या फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्याकडे अपिलाला मिळतात ६० दिवस. प्रमाणित प्रत राहिली, विलंबमाफीचा अर्ज विसरला, की जमीन कुणाची हे न बघताच प्रकरण दारातून परत. मुदत नसेल तर वाद मिटणार कधी, हा आक्षेप रास्तच. पण १९८७च्या कातीजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार दिवसांचा उशीर उदारपणे माफ केला, तेव्हा उशिरा आलेला पक्ष होता खुद्द सरकार, तेही भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याविरुद्ध! एकेका दिवसाचा हिशेब पंतोजीसारखा मागू नका, असंही त्या निकालात आहे. कचेऱ्यांपर्यंत तेवढंच पोचायचं राहिलंय.